पावडर लाल झाली म्हणजे ती सगळं ऊन खाते असं नाही: एमएस्सी प्रोजेक्टच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात सांगतो. गोव्यातल्या डिचोलीकडची एक मुलगी आहे, एमएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला, प्रोजेक्टसाठी तिला मेटल ऑक्साइडचे नॅनोपार्टिकल्स करून मिथिलीन ब्लू हा निळा डाय उन्हात डिग्रेड करायचाय, म्हणजे फोडायचाय. तिने विचारलंय की झिंक ऑक्साइड घेऊ की टायटॅनियम डायऑक्साइड, दोन्ही पांढरे आहेत आणि पांढरे फक्त यूव्ही घेतात असं वाचलंय, तर आमच्या घराजवळ खाणीची लाल माती ढिगाने पडलीय, ती हेमटाइटचीच ना (म्हणजे लोखंडाच्या लाल ऑक्साइडची), ती मिसळून पावडर लाल केली तर सगळा सूर्यप्रकाश वापरता येईल का, आणि काजूच्या पानांच्या अर्काने ग्रीन सिंथेसिस, म्हणजे वनस्पतीचा अर्क वापरून पावडर तयार, केलं तर चालेल का.

बाय, प्रश्न चांगला विचारलायस, आणि लाल पावडरचा मोह मलाही झाला होता म्हणून जरा लांबड लावून लिहितो, सवडीने वाच.

आधी फोटोकॅटॅलिसिसची, म्हणजे प्रकाशाच्या जोरावर पावडरने रसायन फोडण्याची, मूळ गोष्ट. सेमीकंडक्टरवर पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन खालच्या बँडमधून वरच्या बँडमध्ये जातो आणि खाली रिकामी जागा राहते, तिला होल म्हणतात. हे दोघं एकमेकांना भेटून परत शांत व्हायच्या आत दाण्याच्या पृष्ठभागावर पोचले पाहिजेत, तिथे इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनने घ्यायला पाहिजे आणि होलने पाण्याकडून किंवा थेट त्या घाणीच्या रेणूकडून इलेक्ट्रॉन ओढून घ्यायला पाहिजे, यातूनच सुपरऑक्साइड आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात आणि तेच डाय फोडतात. म्हणजे तीन टप्पे आहेत, प्रकाश खाणं, पृष्ठभागापर्यंत पोचणं, आणि पोचल्यावर काम करायला पुरेसा जोर असणं. पावडरचा रंग तुला फक्त पहिल्या टप्प्याबद्दल सांगतो. बाकी दोन टप्प्यांबद्दल रंग काहीच सांगत नाही, आणि आमच्या विषयात निम्म्याहून जास्त घोळ इथेच होतो असं माझं स्पष्ट मत आहे.

आकडे बघ. १२४० ला बँड गॅपने, म्हणजे त्या दोन बँडमधल्या ऊर्जेच्या फरकाने, भागलं की नॅनोमीटरमध्ये तरंगलांबी मिळते. अॅनाटेज टायटॅनियाचा (टायटॅनिया म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, अॅनाटेज आणि रुटाइल हे त्याच्या स्फटिकाचे दोन प्रकार) गॅप ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे ३८७ नॅनोमीटरच्या खालचाच प्रकाश त्याच्या कामाचा. झिंक ऑक्साइडचं जवळपास तेच. आणि जमिनीवर पोचणाऱ्या उन्हात यूव्हीचा वाटा ४ ते ५ टक्के, म्हणजे शंभर रुपयांतले पाच रुपये वापरायचे आणि पंचाण्णव सोडून द्यायचे. हेमटाइटचा गॅप मात्र २.१ च्या आसपास, ५९० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश तो खातो. कागदावर बघितलं तर कुणालाही वाटेल की मग लालच घ्यावी ना.

माझं काय झालं ते सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत मी टायटॅनियावर आयर्न ऑक्साइड चढवून छान विटकरी रंगाची पावडर केली होती, गच्चीवर बीकर ठेवले आणि दीड तासात मिथिलीन ब्लूचं पाणी जवळजवळ पारदर्शक. आठवडाभर मी आनंदात होतो, ग्राफ काढून झाले, पोस्टरचं शीर्षकसुद्धा ठरलं. मग आमच्यातल्या एका ज्येष्ठ बाईंनी एवढंच विचारलं की अंधारातला बीकर कुठाय. ठेवलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी तेच मिश्रण फॉइल गुंडाळून कपाटात ठेवलं, दीड तासाने काढून सेंट्रीफ्यूज केलं, तर वरचं पाणी जवळपास तितकंच स्वच्छ आणि ट्यूबच्या तळाशी बसलेली विटकरी पावडर निळसर काळी झालेली. त्यावर थोडं इथेनॉल टाकून हलवलं तर निळा रंग परत वर आला. म्हणजे डाय फुटलाच नव्हता, पावडरला चिकटून बसला होता. ती निळी झालेली ट्यूब मी फेकली नाही, बरीच वर्षं टेबलावर ठेवली होती, नवीन आलेल्या प्रत्येक मुलाला आधी तीच दाखवायचो. नंतर फिनॉल घेऊन तपासलं तेव्हा साधी पांढरी टायटॅनिया त्या विटकरी पावडरपेक्षा सरळ सरळ पुढे गेली.

असं का होतं ते समजून घे, व्हायव्हाला हेच विचारतात. हेमटाइट प्रकाश खातो खरा पण त्यात होल फार लांब जाऊ शकत नाही, २ ते ४ नॅनोमीटर गेला की संपला, आणि प्रकाश मात्र कितीतरी आत, शंभर नॅनोमीटरच्या घरात शिरतो. म्हणजे आत तयार झालेले बहुतेक होल वाटेतच इलेक्ट्रॉनला भेटून संपतात. दाणे अगदी बारीक केले तर हे थोडं सुधारतं, पण दुसरी अडचण राहतेच, त्याचा कंडक्शन बँड, म्हणजे वरचा बँड, इतका खाली आहे की तिथल्या इलेक्ट्रॉनला ऑक्सिजनला सुपरऑक्साइड करण्याएवढा जोर नसतो. आता तो टायटॅनियाला जोडला की काय होतं, टायटॅनियाचे दोन्ही बँड हेमटाइटच्या बँडच्या बाहेरच्या बाजूला आहेत, वरचा अजून वर आणि खालचा अजून खाली, त्यामुळे टायटॅनियात तयार झालेला इलेक्ट्रॉन खाली हेमटाइटमध्ये उतरतो आणि होलही तिथेच वर चढतो. सड्यावरचं पाणी जसं ओहळात जमा होतं तसे दोघंही एकाच खोलगट जागेत येतात आणि तिथे एकमेकांना संपवतात. आपल्याला हवं असतं उलटं, इलेक्ट्रॉन एका बाजूला आणि होल दुसऱ्या बाजूला. दोन ऑक्साइड जोडले म्हणजे हेटरोजंक्शन झालं आणि चार्ज वेगळे झाले असं प्रत्येक पेपरात चित्र काढलेलं असतं, पण बाण कुठल्या दिशेला जातात ते आधी बँडच्या जागा बघून ठरवायचं, सोयीप्रमाणे नाही.

खाणीच्या मातीबद्दल. आपल्याकडचं खनिज हेमटाइटचंच हे बरोबर, पण ढिगातली माती म्हणजे शुद्ध हेमटाइट नव्हे, त्यात गोएथाइट हे लोखंडाचं दुसरं खनिज असतं, सिलिका, अॅल्युमिनाची चिकणमाती, मँगनीज, आणि दर पोत्याला प्रमाण वेगळं. चिकणमाती मिथिलीन ब्लू नुसती ओढून घेते, किती ओढते यावरून मातीचा पृष्ठभाग मोजायची जुनी पद्धतच आहे. म्हणजे त्या मातीने तुझं पाणी स्वच्छ होणारच, उन्हातही आणि काळोखातही. तुला आयर्न ऑक्साइड वापरायचाच असेल तर फेरिक नायट्रेटपासून स्वतः कर, आणि त्यासोबत थोडा हायड्रोजन पेरॉक्साइड घाल, मग ते फोटो-फेंटन होतं आणि व्हिजिबलमध्ये, म्हणजे डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशात, खरंच चांगलं चालतं. फक्त त्याला फोटो-फेंटनच म्हण, नुसतं फोटोकॅटॅलिसिस म्हणू नको, आणि पेरॉक्साइड एकटा, पेरॉक्साइड आणि ऊन, पेरॉक्साइड आणि पावडर काळोखात, असे सगळे बीकर लाव. डिचोलीतल्या मुलीने खाणीच्या विषयाशी जोडलेला प्रोजेक्ट करावा हे मला मनापासून आवडेल, पण तो अॅड्सॉर्प्शनचा, म्हणजे डाय पृष्ठभागाला चिकटण्याचा, प्रोजेक्ट म्हणून सरळ मांड, तोही उपयोगाचाच आहे.

आता झिंक की टायटॅनियम. झिंक ऑक्साइड करायला सोपा, झिंक अॅसिटेट आणि सोडियम हायड्रॉक्साइड, गाळ धुऊन ४०० डिग्रीला भाजला की झाला, आणि उन्हात जोरातही चालतो. पण तो स्वतःच झिजतो, प्रकाशातले होल त्याच्याच ऑक्सिजनवर हल्ला करतात आणि झिंक पाण्यात उतरतं, शिवाय आम्लात विरघळतो आणि जास्त अल्कलीतही. त्यामुळे पहिल्या फेरीचा ग्राफ देखणा येतो आणि चौथ्या-पाचव्या फेरीला पावडरच कमी भरते. घेतलास तर प्रत्येक फेरीनंतर पावडर वाळवून वजन कर आणि पाण्यात झिंक किती आलं ते जमल्यास मोजून घे. माझा सल्ला टायटॅनियाचा. १९७२ साली फुजिशिमा आणि होंडा यांनी रुटाइल टायटॅनियाच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकून पाणी फोडल्याचं छापलं तेव्हापासून माणसं याच्या मागे लागलीत आणि आजही तो टिकून आहे याचं कारण साधं आहे, स्वस्त, झिजत नाही, विषारी नाही, आणि त्याच्या होलला हायड्रॉक्सिल रॅडिकल करण्याएवढा दणकट जोर आहे.

सोल-जेलने, म्हणजे द्रावणाचं जेल करून ते भाजून, करणार असशील तर एक गोवेकरी अडचण आधीच सांगतो. त्याचा कच्चा माल टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइड, त्याला पाण्याची वाफसुद्धा चालत नाही आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा म्हणजे ओला टॉवेल. बाटली उघडली की तोंडाशी पांढरा थर धरतो, पिपेटच्या टोकाला गोळी बसते, आणि बीकरात पडेपर्यंत त्याचे खडे झालेले असतात, मग दाणे मोठे आणि एकाला एक चिकटलेले. पावसात करायचंच असेल तर पिपेट ओव्हनमधून कोरडी करून घे, आयसोप्रोपॅनॉल आणि ग्लेशियल अॅसेटिक अॅसिडमध्ये आधी मिसळून घे म्हणजे त्याचा चिडकेपणा कमी होतो, आणि पाणी शेवटी, थेंब थेंब, जोरात ढवळत. भाजायचं ४५० डिग्रीला दोन तास, फार वर गेलीस तर रुटाइल होऊ लागतो. एक्सआरडीत (स्फटिक ओळखायच्या एक्स-रे चाचणीत) अॅनाटेजचा मोठा पीक २५.३ अंशांना, रुटाइलचा २७.४ ला, दोन्ही दिसले तर घाबरू नको, थोडं मिश्रण उलट चांगलं चालतं, बाजारातला पी२५ तसाच आहे, बहुतेक अॅनाटेज आणि थोडा रुटाइल, ग्रॅमला ५० चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग. हा पी२५ थोडासा कुठून तरी मिळव, तुझ्या पावडरशेजारी तोच तुलनेला ठेवायचाय.

आणि हो, पैसे वाचवायला पेंटच्या दुकानातली टायटॅनियम पावडर आणू नको, दरवर्षी कुणीतरी आणतंच. रंगातली टायटॅनिया बहुतेक रुटाइल असते आणि तिच्या दाण्यांवर मुद्दाम सिलिका किंवा अॅल्युमिनाचा थर दिलेला असतो, तिने फोटोकॅटॅलिसिस करू नये म्हणून. तो थर नसेल तर उन्हात ती रंगातलं रेझिनच खाते आणि मग भिंतीला हात लावला की पांढरी भुकटी हाताला लागते.

व्हिजिबल लाइटच पाहिजे असेल तर निदान टंगस्टन ऑक्साइड किंवा बिस्मथ व्हॅनाडेट बघ, दोन्ही पिवळे, गॅप २.७ आणि २.४. त्यांचेही इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला द्यायला कमजोर पडतात म्हणून पृष्ठभागावर प्लॅटिनम किंवा तांब्याचा अंश चढवावा लागतो. एमएस्सीच्या सहा महिन्यांत हे सगळं जमवणं अवघड, मी तरी सुचवणार नाही.

पाच टक्क्यांनी नाउमेद होऊ नको. जपानमध्ये डोमेन यांच्या गटाने अॅल्युमिनियम घातलेल्या स्ट्रॉन्शियम टायटनेटवर पाणी फोडायचं काम केलंय, तीही यूव्हीच खाणारी पांढरी पावडर, २०२० मध्ये त्यांनी ३५० ते ३६० नॅनोमीटरला क्वांटम एफिशियन्सी ९६ टक्क्यांपर्यंत नेली, म्हणजे आत शिरलेला जवळजवळ प्रत्येक फोटॉन कामी आला. २०२१ मध्ये त्याचंच १०० चौरस मीटरचं पॅनेल उघड्यावर उन्हात चालवलं तेव्हा सूर्याच्या एकूण ऊर्जेपैकी जास्तीत जास्त ०.७६ टक्के हायड्रोजनमध्ये उतरली. दोन्ही आकडे खरे आहेत आणि दोन्ही एकत्र वाचायचे, एक सांगतो की आतलं रिकॉम्बिनेशन, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि होल परत भेटून संपणं, जवळजवळ शून्यावर आणता येतं, दुसरा सांगतो की यूव्हीपुरतं राहिलं तर किती मिळतं.

आता गच्चीवरचं काम, हे नीट वाच कारण मार्क इथेच जातात. आपल्याकडे सूर्य डोक्यावर घड्याळाच्या बाराला येत नाही, साडेबाराच्या आसपास येतो, म्हणून ११ ते २ ही वेळ धर. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य ५१ अंशांवरच असतो आणि मे महिन्याच्या सुरुवातीला अगदी माथ्यावर, त्यामुळे डिसेंबरचा एक बीकर आणि एप्रिलचा दुसरा बीकर यांची तुलना करून माझी पावडर सुधारली असं म्हणता येत नाही. सगळे बीकर एकाच दिवशी, एकाच वेळी, शेजारी शेजारी. किमान चार पाहिजेत, नुसता डाय उन्हात, डाय आणि पावडर फॉइलमध्ये, डाय आणि तुझी पावडर उन्हात, डाय आणि पी२५ उन्हात. मिथिलीन ब्लू काही न घालताही उन्हात फिका पडतो, तो पहिल्या बीकरात दिसतो. बीकर पाण्याच्या ट्रेमध्ये ठेव नाहीतर पाणी चाळिशीच्या वर तापतं आणि वेग वाढला तो प्रकाशाने की उष्णतेने कळत नाही, वर बोरोसिलिकेटची पेट्री डिश झाकण म्हणून ठेव म्हणजे बाष्पीभवनाने काँसंट्रेशन वाढणार नाही आणि यूव्ही-ए बराचसा आत जाईल. काळोखात आधी अर्धा तास ढवळायचं हे सगळे लिहितात, पण अर्ध्या तासात अॅड्सॉर्प्शन थांबतं का ते १५, ३० आणि ६० मिनिटांचे नमुने घेऊन स्वतः बघ, जिथे थांबतं तो आकडा तुझा सुरुवातीचा आकडा, बाटलीवर लिहिलेला १० पीपीएम नव्हे.

ऊन मोजायला मुलं लक्स मीटर वापरतात, फोनमधलासुद्धा. लक्स म्हणजे माणसाच्या डोळ्याला किती उजेड वाटतो ते, तो ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्याला सगळ्यात जास्त मानतो आणि टायटॅनियाला लागणारा यूव्ही त्यात मोजलाच जात नाही. यूव्ही-ए मीटर मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर तारीख, वेळ, आकाश कसं होतं ते वहीत लिही आणि पी२५ च्या बीकरलाच तुझा मीटर समज. ढगाळ दिवशी एकूण ऊन जेवढं घटतं त्या मानाने यूव्ही तेवढा घटत नाही, त्यामुळे पावसाळ्यातही काम अगदी थांबत नाही, हळू होतं.

नमुना सेंट्रीफ्यूज केल्यावर स्पेक्ट्रम पूर्ण काढ, मिथिलीन ब्लूचा पीक जिथे येतो त्या ६६४ नॅनोमीटरचा एक आकडा टिपून मोकळी होऊ नको. ८०० नॅनोमीटरला बेसलाइन वर उचललेली दिसली तर बारीक पावडर अजून पाण्यात तरंगतेय, परत फिरव. ६६४ चा पीक खाली येता येता डावीकडे सरकत असेल तर डायचे मिथिल गट एकेक करून गळताहेत, रेणूचा सांगाडा अजून तसाच आहे. आणि पाणी रंगहीन झालं की त्यात दहा मिनिटं हवा सोड, निळा परत आला तर तो फुटला नव्हता, फक्त ल्यूको, म्हणजे बिनरंगी, रूपात गेला होता, शाळेतल्या निळ्या बाटलीच्या प्रयोगासारखं.

डायचा सगळ्यात मोठा दोष वेगळाच आहे. तो स्वतः व्हिजिबल प्रकाश खातो आणि स्वतःचा इलेक्ट्रॉन टायटॅनियाला देऊन स्वतःच मोडतो. मग पावडर व्हिजिबलमध्ये चालली असं वाटतं, खरं तर तिने फक्त इलेक्ट्रॉन धरून ठेवला. म्हणून माझा आग्रह आहे की डायबरोबर एक बिनरंगाचा रेणू घेच. पॅरासिटामॉल घे, त्याचा पीक २४३ नॅनोमीटरला, व्हिजिबलमध्ये काहीच नाही, आणि वेर्णा-कुंडईकडे एवढ्या फार्मा कंपन्या असलेल्या राज्यात सांडपाण्यातल्या औषधांचा प्रश्न आपलाच आहे. गोळी कुटून नको, शुद्ध पावडर घे. फुटताना जे तुकडे होतात तेही यूव्हीत दिसतात म्हणून एचपीएलसी (तुकडे वेगवेगळे करून मोजणारं यंत्र) मिळाली तर बघ, आणि कुठून टीओसी, म्हणजे पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनचं मोजमाप, करून मिळालं तर सगळ्यात बरं, कार्बन खरंच कार्बन डायऑक्साइड होऊन गेला की नाही ते त्यातच कळतं. पैसे नसतील तर टेरेफ्थॅलिक अॅसिड सोडियम हायड्रॉक्साइडच्या पातळ द्रावणात विरघळवून त्यात पावडर घालून उन्हात ठेव, हायड्रॉक्सिल रॅडिकल होत असतील तर ३१५ ला एक्साइट केल्यावर ४२५ ला निळा फ्लुरोसन्स वाढत जातो. मला ही टेस्ट फार प्रिय आहे, स्वस्त आहे आणि डायच्या भानगडी तिच्यात नाहीत.

काजूच्या पानांचा अर्क घाल, माझी ना नाही. पण तो न घालता बाकी सगळं तसंच ठेवून केलेली पावडरही शेजारी पाहिजे, आणि भाजल्यावर पानांतला कार्बन उरलाय का ते टीजीएने, म्हणजे तापवत वजन मोजून, बघ. उरला तर पावडर करडी दिसते, डाय जास्त ओढते, आणि ग्रीन सिंथेसिसने क्षमता वाढली असं लिहिलं जातं. तो कार्बनचा गुण आहे.

शेवटी डिस्टिल्ड वॉटरमध्ये जमलं की एकदा विहिरीच्या पाण्यात कर. बायकार्बोनेट आणि क्लोराइड हायड्रॉक्सिल रॅडिकल खाऊन टाकतात, खाडीकाठच्या विहिरीत तर बघायलाच नको, वेग बराच उतरेल. तो उतरलेला आकडा लपवू नको, माझ्या दृष्टीने सगळ्या प्रोजेक्टमधला तोच आकडा वाचण्यासारखा. आणि वापरलेली पावडर बेसिनमध्ये ओतायची नाही, इतके बारीक दाणे आपोआप तळाला बसत नाहीत, बादलीत जमा करून सेंट्रीफ्यूज करायची. जमलं तर थोडी पावडर काचेच्या पट्टीवर डिप करून भाजून बघ, वेग कमी होईल पण पाण्यातून पावडर वेगळी काढायची कटकट सुटते, खऱ्या सांडपाण्यात कुणी वापरलीच तर अशीच वापरेल.

चवथ झाली की पाऊस ओसरतो, ऑक्टोबरच्या मध्यापासून आकाश बरं असतं, तोपर्यंत पावडर तयार ठेव. पहिल्या दिवशी मात्र पावडर काढूच नको, नुसता मिथिलीन ब्लू आणि पाणी घेऊन ११ ते २ गच्चीवर बस, दर अर्ध्या तासाने स्पेक्ट्रम घे आणि तीन तासांत तो आपलाआपणच किती उडाला ते मला कळव, मग पुढचं बोलू.